खोक्यावर प्लायवूड, आत पार्टिकल बोर्ड : तीन शू रॅकबद्दल तक्रार

शहापूर, बेळगाव
दिनांक : 18 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : 12 एप्रिल 2025 रोजी आपल्या कोल्हापूर शोरूममधून घेतलेल्या तीन शू रॅकचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

वरील तारखेला मी आपल्याकडून तीन कप्प्यांचे तीन शू रॅक घेतले. प्रत्येकी 4,299 प्रमाणे 12,897 रुपये रोख भरले. खोक्यावर ‘बॉडी : प्लायवूड’ असं छापलेलं आहे. पहिल्या पावसात तिन्हींचे तळ फुगले, आणि आत प्लायवूड नसून पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या चुऱ्याची फळी आहे, हे उघडं पडलं. माझी मूळ तक्रार एवढीच. पण आपल्या 4 ऑगस्टच्या उत्तरात सगळा दोष माझ्यावर टाकलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी एक जुनी कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, घेतली. आयुष्यभर फिरायचं राहून गेलं होतं. गाडी चांगली आहे, पण सामान ठेवायची सगळी सोय बेडखाली. माझ्या पत्नीचे गुडघे गेलेत. चहापुडीचा डबा काढायचा म्हटलं तरी तिला खाली बसावं लागायचं, आणि उठताना माझा हात धरावा लागायचा. मधली वाट 62 सेंटिमीटरची. तिथे नेहमीचं कपाट बसवलं तर माणूस पलीकडे जाणार नाही. आपला शू रॅक मात्र अवघा 18 सेंटिमीटर खोल, कारण आत चप्पल उभी ठेवायची असते. कप्प्याचं दार, म्हणजे फ्लॅप, पुढे कलतो, वाकावं लागत नाही. भिंतीला दोन रॅक शेजारी-शेजारी लावले तरी वाट 44 सेंटिमीटर उरते. गाडीसाठी मुद्दाम कपाट करून घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात जमणार होतं.

वरच्या कप्प्यात औषधं, चष्मे आणि टॉर्च. मधल्यात चहा, साखर, शेंगदाण्याची चटणी. खालच्यात पोह्या-तांदळाचे स्टीलचे डबे. डबे वाजू नयेत म्हणून फोम कापून घातला. पाठीमागून लोखंडी अँगलने रॅक गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केले, आणि चालत्या गाडीत फ्लॅप उघडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या वरच्या कडेला पुश-लॉक बसवलं. पत्नी उभ्या उभ्या चहाचा डबा काढायला लागली तेव्हा आम्हा दोघांनाही फार बरं वाटलं होतं.

हे मी लपवून केलेलं नाही. गाडीत बसवायचंय हे शोरूममध्ये आधीच सांगितलं होतं. आपल्या विक्रेत्याने बिलाच्या पाठीमागे स्वतःच्या हाताने लिहिलंय : ‘गाडीसाठी, ब्रॅकेट जादा 4’. त्या ब्रॅकेटचे पैसेही बिलात धरलेत. बिलाच्या दोन्ही बाजूंची प्रत सोबत आहे.

जूनच्या शेवटी आम्ही आंबोलीला गेलो. आंबोलीचा पाऊस आपल्याला ठाऊक असेलच. गाडी कुठे गळली नाही. ओल्या चपला, ओल्या छत्र्या आणि दमट हवा, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उभी असताना पत्नीने खालचा फ्लॅप ओढला आणि तो बिजागरीसकट सुटून आला. तांदळाचा भरलेला डबा तिच्या उजव्या पायावर पडला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, आठ दिवस तिला चप्पल घालता आली नाही. डबा मुलाबाळाच्या पायावर पडला असता तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

मी उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये तीस वर्षं काम केलंय. घरी आल्यावर व्हर्नियर लावून मोजलं. तळाची फळी मुळात 15 मिलिमीटरची, ती कडेला 21 मिलिमीटर भरली. खालच्या कडेला एजबँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, लावलेलाच नव्हता, कापलेली कड तशीच उघडी. तिथूनच दमटपणा शिरला. बोटाने दाबलं की ओल्या भुशासारखा चुरा पडतो, आणि बिजागरीचा स्क्रू हाताने बाहेर येतो. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते कापलेल्या कडेला डोळ्यांनी दिसतात. इथे एकही थर नाही. पार्टिकल बोर्ड लाकडाच्या चुऱ्याचा असतो, एकदा फुगला की वाळूनही पहिल्यासारखा होत नाही. पार्टिकल बोर्ड विकू नये असं मी म्हणत नाही. पण त्याला पार्टिकल बोर्डच म्हणायला हवं. तसं लिहिलं असतं तर मी ते घेतलंच नसतं.

आपण लिहिता, ग्राहकाने फेरबदल केले आणि घराबाहेर वापर केला, त्यामुळे बारा महिन्यांची वॉरंटी लागू नाही. यावर माझं उत्तर तिसरा रॅक आहे. तो गाडीत कधी चढलाच नाही. शहापूरच्या घरात, आतल्या खोलीत, चपला ठेवायलाच वापरतोय. त्याला मी एकही भोक पाडलेलं नाही. त्याचाही तळ फुगलाय, तीही कड उघडीच आहे. गाडीतल्या रॅकची भोकं वरच्या कडेला आणि पाठीला आहेत, फुगवटा तळाला आहे. मग माझ्या भोकांचा संबंध कुठे आला?

दुसरी गोष्ट तर याहून मनस्ताप देणारी. कोल्हापूर शोरूम म्हणतं, तुम्ही कर्नाटकात राहता, हुबळीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा. हुबळीवाले म्हणतात, बिल महाराष्ट्रातलं आहे, कोल्हापूरला विचारा. दीड महिन्यात सात फोन झाले, आणि एकदा फुटकी फळी गाडीत घालून मी स्वतः कोल्हापूरला जाऊन आलो. खरेदीला निपाणीवरून कोल्हापूर गाठणं आम्हा बेळगावकरांच्या अंगवळणी पडलंय. पैसे घेताना आपल्याला राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका आडवा आला नाही, तक्रार घेताना तो का यावा?

आपल्या कलणाऱ्या फ्लॅपची यंत्रणा उत्तम आहे, हेही सांगायला हवं. आमच्या मेस्त्रींनी त्याच मापाची बॉडी 12 मिलिमीटरच्या, ओलाव्याला टिकणाऱ्या मरीन प्लायमध्ये करून आपलेच फ्लॅप पुन्हा बसवून दिले. आता पत्नीला परत वाकावं लागत नाही. या कामाला 5,200 रुपये गेले.

माझ्या मागण्या अशा : तीन रॅकचे 12,897 रुपये परत करावेत, मेस्त्रींच्या कामाचे 5,200 रुपये द्यावेत, आणि खोक्यावरचा ‘प्लायवूड’ हा शब्द काढून खरं साहित्य छापावं. तिसरा रॅक आणि फुटलेल्या फळ्या मी जपून ठेवल्यात, आपला माणूस पाठवून तपासून घ्या.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहकाला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार दाखल करता येते, त्यामुळे कोल्हापूर की हुबळी हा प्रश्न तिथे उरत नाही.

सोबत : बिलाची प्रत (दोन्ही बाजू), खोक्यावरच्या छपाईचा फोटो, तळाच्या मापाचे चार फोटो, मेस्त्रींची पावती.

आपला ग्राहक
(नाव व मोबाईल क्रमांक बिलावर आहे)
शहापूर, बेळगाव