तू ऐकलेलं व्हिएन्ना: माझ्या मैत्रिणीला जाहीर आभारपत्र

प्रिय मैत्रिणीस,

अगं, हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पण आभार मानायचेत ते फोनवरच्याच गोष्टीचे, आणि ते चारचौघांत मानायचे असं मी ठरवलंय. अडीनडीला कुणी पैसे दिले, कुणी राहायला जागा दिली, तर आपण ते जन्मभर सांगतो. रोज रात्री फक्त ऐकून घेणाऱ्या माणसाचे आभार मात्र राहून जातात.

पहिल्या नोकरीसाठी मी व्हिएन्नाला गेले तो ऐन हिवाळा होता. डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तेही घड्याळ बघून म्हणायचं, कारण शहरावर ढगांचा करडा थर असा बसतो की कधीकधी ओळीने कित्येक दिवस ऊनच दिसत नाही. रविवारी दुकानं बंद. ऑफिसातली माणसं चांगली होती, पण काम संपलं की ज्याचा तो आपल्या घरी. मी परतीच्या वाटेला लागले की तुला फोन लावायची. भारताच्या आणि तिथल्या वेळेत हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, म्हणजे तुझ्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा वाजलेले असायचे. सकाळी तुला लवकर निघायचं असायचं. तरी ‘उद्या बोलू या’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस.

त्यानंतर कामानिमित्त माझं तिथे जाणं होत राहिलं, पण तो पहिला हिवाळा मी कुणाला सांगितला नाही. लोकांनी विचारलं की शोनब्रुनचा राजवाडा, ऑपेरा, रिंगरस्त्यावरच्या इमारती असं सांगून मोकळी व्हायची. मग यंदा तूच म्हणालीस, ‘चल, हिवाळ्यातच जाऊ. मला तुझं व्हिएन्ना बघायचंय.’ मी राजवाड्यांची आखणी करून ठेवली होती. तुझ्या डायरीत मात्र फोनवर ऐकलेल्या जागा होत्या.

पहिल्याच संध्याकाळी तू मला नवव्या भागातल्या त्या जिन्याकडे घेऊन चल म्हणालीस. डी ट्राममधून उतरायचं, लिश्टेनश्टाइनश्ट्रासे ओलांडायची, की समोर श्ट्रुडलहोफश्टीगे. १९१० साली बांधलेला हा जिना टेकाडाच्या चढावर वळणं घेत जातो. मध्ये टप्पे, कडेला उंच दिवे, आणि भिंतीत माशाचं तोंड असलेलं कारंजं, जे थंडीत बंद असतं. शहराच्या देखण्या जागांपैकी ती एक आहे, हे मला तुझ्यामुळे कळलं. माझ्यासाठी तो रोजचा चढ होता, पिशव्या घेऊन, कानाला फोन लावून. तू खालच्या पायरीशी थांबलीस आणि म्हणालीस, ‘इथून तुला धाप लागायला सुरुवात व्हायची. वर पोचलीस की तू दोन मिनिटं बोलायची नाहीस, आणि मग खरं काय ते सांगायचीस.’ मला हे माहीतच नव्हतं. माझ्या धापेवरून तुला माझा दिवस कसा गेला ते कळत होतं.

वर पोचलो तर फुटपाथवर बारीक खडी पसरलेली. बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून ती टाकतात. सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत आपल्या इमारतीपुढचा फुटपाथ साफ आणि चालण्याजोगा ठेवणं हे तिथे घरमालकाचं कायदेशीर काम आहे. बर्फ वितळला तरी खडी बरेच दिवस तशीच राहते आणि बुटाखाली करकर वाजते. तू चालता चालता थबकलीस. पुन्हा दोन पावलं टाकलीस. ‘हाच तो आवाज!’ म्हणालीस. फोनमध्ये सतत काहीतरी चरचरतंय, लाइन खराब आहे, असं तुला तेव्हा वाटायचं. तो आवाज माझ्या पावलांचा होता हे कळल्यावर तू रस्त्यातच माझा हात घट्ट धरलास.

रविवारी आपण ७१ नंबरच्या ट्रामने सेंट्रालफ्रीडहोफला गेलो. सगळं बंद असताना हे मोठं कब्रस्तान उघडं असायचं, म्हणून मी तिथे चालायला जायची आणि कुणाला सांगितलं तर विचित्र वाटेल म्हणून फक्त तुलाच सांगायची. बेथोव्हेन आणि शूबर्ट या संगीतकारांच्या समाध्या जवळजवळ आहेत. आधी दोघांना व्हेरिंगच्या जुन्या दफनभूमीत पुरलं होतं, १८८८ साली दोघांनाही इथे आणलं. बेथोव्हेनच्या अंत्ययात्रेत शूबर्ट मशाल घेऊन चालला होता आणि पुढच्याच वर्षी, १८२८ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तोही गेला. तू बराच वेळ तिथून हलली नाहीस.

म्युझियम मात्र माझ्या आवडीचं. कुन्स्टहिस्टोरिशेस या कलासंग्रहालयात सोळाव्या शतकातल्या ब्रूगेल या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे, आणि त्यात १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र. त्या हिवाळ्यात मी त्यापुढच्या बाकावर तासन्‌तास बसलेय. मला त्यात नेहमी पाठमोरे, वाकलेले शिकारी दिसायचे. एवढी पायपीट करून हाती एक कोल्हा, आणि मागे दमलेली कुत्री. तू नजर खाली दरीत नेलीस. गोठलेल्या तळ्यांवर खेळणारी माणसं, पुलावरून मोळी नेणारी बाई, लांबवर एका घराच्या धुराड्याला लागलेली आग आणि ती विझवायला शिडी घेऊन धावलेले लोक. ‘अगं, किती माणसं आहेत यात!’ असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वेळा बघूनही मी त्या माणसांपर्यंत पोचले नव्हते.

आणि मग कॅफे. व्हिएन्नातल्या कॅफेत एका कपावर दुपार काढली तरी कुणी उठवत नाही. मागितल्याशिवाय बिल येत नाही. चांदीसारख्या छोट्या ट्रेमध्ये आपल्या मेलांज, म्हणजे दुधाचा फेस घातलेल्या, कॉफ्या आल्या, सोबत पाण्याचे ग्लास. ते पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांचं, १८७३ पासून नळवाटे शहरात येतं, तेही उतारानेच. तू ते चवीने प्यायलीस. बाहेर अंधार पडला होता. मी सहज विचारलं, ‘तू तेव्हा फोन कुठे बसून घ्यायचीस?’

तू लगेच सांगितलं नाहीस. चमचा ग्लासवर आडवा ठेवलास, पुन्हा उचललास. मग म्हणालीस, ‘खाली, पार्किंगमधल्या बाकावर.’ घरात बाकी सगळे झोपलेले असायचे, बोलण्याने जाग येईल म्हणून तू स्वेटर घालून खाली जायचीस. वॉचमन काकांना वाटायचं तुझं कुणाशी जमलंय. हे तू इतकी वर्षं मला सांगितलं नाहीस. मी बोलता बोलता रडायची, तू खाली डास मारत बसलेली असायचीस, आणि तुझ्या आवाजात घाई कधी आली नाही.

त्या हिवाळ्यात मी दोनदा राजीनामा लिहिला होता. दोन्ही वेळा तू ‘देऊ नकोस’ म्हणाली नाहीस की ‘दे’ही म्हणाली नाहीस, फक्त ‘उद्या संध्याकाळी पुन्हा सांग’ म्हणालीस. मी टिकले, काम शिकले, तिथे माणसं जोडली, आज जे करते त्याचा पाया तिथे घातला गेला. यात माझे कष्ट आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या चढावर मी एकटी नव्हते. ते ऐकणं, त्या रात्री, आणि इतक्या वर्षांनी खास थंडीत येऊन ते सगळं माझ्यासोबत पायी चालणं, या सगळ्यासाठी मनापासून आभार.

एक राहिलं. तू वर परत येईपर्यंत काकू दाराला कडी न लावता जाग्या असायच्या, हेही तू जाता जाता सांगितलंस. त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांचे आभार पत्रातून मानायचे नाहीत. पुढच्या महिन्यात मी स्वतः येतेय.

तुझीच,
मैत्रीण