रविवारच्या सरावाआधी: फवारणीच्या विषबाधेची उजळणी

सर्व प्रशिक्षणार्थींना नमस्कार. कपाशीवर फवारणी जोरात सुरू आहे, म्हणून येत्या रविवारी सकाळी ८ वाजता सीपीआरच्या (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याच्या) सरावाआधी विषबाधेचा सराव घेऊ. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपण कोणीच विसरलेलो नाही.

धुऱ्यावर पडलेला माणूस दिसला की ‘ऊन लागलं’ म्हणून मोकळे होऊ नका. आधी डोळे पाहा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर, दंडाचे स्नायू फडफडताहेत? मग मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखं फवारणीचं औषध (कीटकनाशक) अंगात गेलंय असं समजूनच चला. या रुग्णाचा जीव बहुतेकदा श्वासापायी जातो, म्हणून कुशीवर वळवा, सक्शन करा (तोंडातली लाळ यंत्राने ओढून काढा), ऑक्सिजन लावा. ॲट्रोपीन, म्हणजे या विषावरचा उतारा, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

हातमोजे नायट्राइलचे, लेटेक्सवर विसंबू नका. भिजलेले कपडे काढून पिशवीत बांधा, अंग साबण-पाण्याने धुवा. केस आणि नखं विसरू नका. मागच्या हंगामात आम्ही रुग्णाचा ओला शर्ट गाडीत तसाच ठेवला, आणि वाटेतच माझं डोकं गरगरायला लागलं.

नातेवाईक मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बघतात, त्यांना हात धरून थांबवा. औषधाची बाटली मात्र सोबत आणायला सांगा.

सीपीआर नेहमीप्रमाणे: मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३०:२ (३० दाबांमागे २ श्वास). विषबाधेत तोंडाला तोंड लावू नका, बॅग-मास्कच (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) वापरा.

येताना हातमोजे आणि वही आणा.