बांधून ठेवण्याआधी कारण शोधा

महोदय,

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली व्यक्ती मारते, चावते, वस्तू फेकते किंवा स्वतःचे डोके भिंतीवर आपटते, तेव्हा तिला आवरायचे कसे, याचीच चर्चा होते. ती असे का करते, हे विचारायचे बहुतेक वेळा राहूनच जाते. आधी विशेष शाळेत आणि नंतर अशा प्रौढांना हातकाम देणाऱ्या कार्यशाळेत अनेक वर्षे शिकवल्यामुळे याविषयी लिहावेसे वाटते.

आमच्या कार्यशाळेत एक तरुण होता. त्याला बोलता येत नसे, पण मणी आकारानुसार निवडून पाकिटे भरण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. अधूनमधून मात्र तो टेबल उलटे करी आणि शेजारच्याला ढकलून देई. नोंदवहीत ‘आक्रमक, हट्टी’ असा शेरा पडला, त्याला कोपऱ्यातल्या खोलीत एकटे बसवले जाऊ लागले आणि डॉक्टरांकडून गोळी वाढवून घ्या, असा निरोप घरी गेला. पुढे एका सहकारी बाईंनी अशा प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय काय घडले, ते लिहून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा उलगडा झाला. बाहेरची मागणी नसली की सर्वांना काम पुरावे म्हणून त्याने निवडलेले मणी पुन्हा एकत्र करून त्याच्याच पुढ्यात ओतले जात. सकाळभर खपून केलेले काम कोणी डोळ्यांदेखत मोडले, तर आपल्यापैकी कितीजण शांत बसतील? भरलेली पाकिटे त्याला दिसतील अशा फळीवर राहू लागली आणि मागणी नसेल त्या दिवशी त्याला आवडणारे बागेचे काम मिळू लागले. टेबल उलटणे अगदी बंद झाले नाही, पण विरळ झाले. आणि तसे झालेच तर दाढ, कान किंवा पोट दुखत नाही ना, हे आधी तपासून घ्यायचे, हे सर्वांना कळले.

हे काही परदेशी खूळ नव्हे. सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमतेविषयीच्या राष्ट्रीय संस्थेने भारतीय मुलांसाठी तयार केलेली ‘बेसिक-एमआर’ ही वर्तन मापनश्रेणी १९९२ पासून उपलब्ध आहे आणि तिच्या दुसऱ्या भागात ७५ समस्या-वर्तनांची नोंद घेता येते. वर्तनाच्या आधी काय घडले आणि त्यानंतर त्या व्यक्तीला काय मिळाले किंवा काय टळले, हे पाहायला विशेष शिक्षकांना प्रशिक्षणातच शिकवतात. प्रत्यक्षात तक्ता भरला जातो, फाइलला लागतो आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघतो.

दुखणे आहे ते कायद्यातल्या फटीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार मनोरुग्णाला एकांतात डांबता येत नाही. इजा टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल तरच आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या मान्यतेने बांधता येते. शिक्षा म्हणून किंवा केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. आणि प्रत्येक प्रसंग रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला २४ तासांत कळवावा लागतो. परंतु याच कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून मतिमंदत्व, म्हणजेच बौद्धिक अक्षमता, वगळले आहे, त्यामुळे बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या निवासी शाळेला वा वसतिगृहाला हे कलम थेट लागू होत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ६ मध्ये क्रूर व अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे खरे. पण कोणाला, कधी, किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने रोखावे, याचा तपशील तिथे नाही. ऑस्ट्रेलियात एकांतवास, औषधाने गुंगवणे, पट्ट्याने बांधणे, धरून ठेवणे आणि कपाटे-दारे बंद करून वावर रोखणे, अशा पाचही प्रकारांवर २०१८ च्या नियमांनी देखरेख आणली असून त्या व्यक्तीचा स्वतंत्र वर्तन-आधार आराखडा, म्हणजे ती असे का वागते आणि ते कसे टाळावे याची लेखी योजना, आवश्यक केला आहे. आपल्याकडे गोळी हा निर्बंध ठरू शकतो, हे अजून कोणाच्या गावीही नाही. (औषधाला माझा विरोध नाही; कारण न शोधता केवळ संस्थेच्या सोयीसाठी दिलेल्या औषधाला आहे.)

महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला. २०१६ च्याच कायद्यानुसार दिव्यांगांसाठीच्या संस्थांना नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना, ज्यांना बांधले, कोंडले किंवा गुंगवले जाते अशा प्रत्येकाचा लेखी आराखडा विभागाने मागावा. त्यात त्या व्यक्तीला काय आवडते, काय सहन होत नाही, बोलता येत नसेल तर ती ‘नको’ कसे सांगते, हे पालकांना आणि शक्य तिथे तिला स्वतःला विचारून लिहिलेले असावे. रोखण्याच्या प्रत्येक प्रसंगाची नोंद पालकांना पाहता यावी. आणि हा आराखडा रात्री साडेदहाला अमलात आणायचा असतो तो तुटपुंज्या पगारावरच्या काळजीवाहकाला. म्हणून त्यांचे प्रशिक्षण व पुरेशी संख्या हाही तपासणीचा भाग असावा, आणि ‘माणसे कमी आहेत’ ही सबब कलम ९७ प्रमाणेच इथेही चालवून घेऊ नये.

आपली,
एक निवृत्त विशेष शिक्षिका, सातारा