लोकर कशाला म्हणावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विणकामाचा कोणताही मऊ, फुगीर धागा हल्ली सर्रास ‘लोकर’ या नावाने विकला जातो आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतील विणकामाच्या लेखांतही तोच शब्द बिनदिक्कत छापला जातो. बरीच वर्षे विणत आल्यामुळे या सैलपणाने होणारे नुकसान मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मेंढीची लोकर केराटिन या प्रथिनाची असते. आपले केस आणि नखेही त्याचीच. अ‍ॅक्रिलिकचा धागा मात्र खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून कारखान्यात तयार होतो. गुंडा हातात घेतल्यावर दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही, पण तो अंगावर घातल्यावर कळतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि ते शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकते, त्यामुळे दमट थंडीत ती ऊबदार वाटते. अ‍ॅक्रिलिक बाष्प जवळजवळ शोषतच नाही, म्हणून त्यात घाम अंगाशीच राहतो.

याहून गंभीर बाब आगीची आहे. तंतू जळत राहण्यासाठी भोवतालच्या हवेत किमान किती प्राणवायू लागतो, हे मोजता येते. लोकरीसाठी हे प्रमाण सुमारे २५ टक्के, तर अ‍ॅक्रिलिकसाठी सुमारे १८ टक्के भरते, आणि आपल्या हवेत प्राणवायू असतो २१ टक्के. म्हणूनच ज्योत दूर केली की लोकर बहुधा आपोआप विझते, अ‍ॅक्रिलिक मात्र जळत राहते आणि वितळून त्वचेला चिकटू शकते. तान्ह्या बाळासाठी दुपटे विणणाऱ्या आजीला हा फरक आधी माहीत असायला नको का? मी स्वतः ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेल्या लडीचा तुकडा एकदा चिमट्यात धरून जाळून पाहिला. केस जळल्याचा वास आणि बोटांनी चुरडता येणारी राख मिळायला हवी होती. मिळाली काळी, टणक गाठ. तोवर निम्मी शाल विणून झाली होती.

उलट दिशेनेही चूक होते. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून घट्ट होतो. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड, मुद्दाम याच गुणावर बनवतात, पण स्वेटरचे असे झाले तर तो पूर्ववत होत नाही. प्रथिनांचे डाग काढणारी विकरे (एन्झाइम) असलेली धुलाई पावडर लोकरीलाही इजा करते, कारण तीही प्रथिनच आहे, आणि क्लोरीनयुक्त ब्लीचमध्ये तर ती चक्क विरघळते. सगळ्याच धाग्यांना ‘लोकर’ म्हटल्यावर कोणता कपडा यंत्रात टाकावा आणि कोणता कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा, हे कोणाला कसे कळणार?

अ‍ॅक्रिलिकला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. ते स्वस्त आहे, वारंवार धुता येते, त्याला कसर लागत नाही, आणि जाडसर लोकर ज्यांच्या त्वचेला टोचते त्यांना त्याचा मोठा आधार आहे. (३० मायक्रॉनहून जाड तंतू बहुतेकांना टोचतात, मेरिनो मेंढीची लोकर याहून बरीच बारीक असल्याने मऊ लागते.) ज्याने जे निवडायचे ते खुशाल निवडावे, पण निवडताना हातात काय आहे हे त्याला ठाऊक असावे.

उत्पादकांनी लडीच्या वेष्टनावर तंतूंचे प्रमाण ठळक अक्षरांत द्यावे, ही अपेक्षा आहेच. आपल्याला विनंती एवढीच की, विणकामाच्या लेखांतील साहित्याच्या यादीत सुईच्या क्रमांकाइतक्याच काळजीने धाग्याचा प्रकार छापावा आणि मिश्र धागा असल्यास लोकर किती टक्के आहे, हेही नमूद करावे.

आपली,
एक विणकर वाचक