हळदीच्या पेढीवरचं डेस्क

सांगली,
9 जानेवारी

प्रिय विजू,

अण्णा आता घरातल्या घरात हिंडाफिरायला लागले हे फोनवर कळलं, जीव भांड्यात पडला. आजचं बोलणं मात्र फोनवर मावणारं नाही, म्हणून पत्र.

दिवाळीच्या आधी गणपती पेठेतून येत होतो. एका जुन्या पेढीची माडी साफ करायला काढली होती. बाहेर जळणाच्या ढिगात एक बैठं डेस्क उलटं पडलेलं. दिवाणजी मांडी घालून ज्याच्यापुढं बसायचे ते, उतरत्या झाकणाचं. अण्णांची पेढी ही नव्हे. पण आपण त्यांचा डबा घेऊन जायचो आणि ते झाकण जरासं उचलून आपल्या हातावर चार-चार बेदाणे ठेवायचे, ते आठवलं नि पाय उचलेना. हमालाला विचारलं, तर म्हणाला, "न्या की, त्यात काय राह्यलंय?"

2019 च्या पुरात ते बुडालं होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं होतं. ओसरल्यावर कुणीतरी डेस्क माडीवर नेऊन टाकलं, ते तिथंच राहिलं. एक बाजू निखळलेली, तळाची फळी लोंबणारी, कोपऱ्यांत गाळ वाळून दगड झालेला. मला वाटलं, कठीण आहे. गल्लीतल्या सुतारमामांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मोडलं कुठं? सरस सुटलाय नुसता." पूर्वी सांधे सरसानं चिकटवायचे, आणि सरस पाण्यानं मऊ पडतो. सागवानाचा गाभा अजून टणक होता. कडेच्या पांढुरक्या लाकडाला तेवढी कीड लागली होती, टिचकी मारली की पिठासारखी पूड पडायची. ती पट्टी मामांनी कापून काढली आणि जुन्या दाराचा तुकडा बेमालूम बसवला.

सगळ्यात वेळ खाल्ला तो जुना सरस काढण्यानं. तो राहिला तर वर फेविकॉल धरत नाही. कोमट पाणी, जुना टूथब्रश, आणि चार रविवार. मग सगळे भाग सावलीत वाळवले. उन्हात ठेवले असते तर फळ्या वाकल्या असत्या. सांध्यांना बोटांत बोटं गुंफावीत तशा खाचा आहेत. फेविकॉल लावून जोडले, तेव्हा एकही खिळा लागला नाही. कुणी केलं असेल रे हे काम? नाव नाही, काही नाही.

आणि आता ऐक. वरचं काळं पडलेलं पॉलिश काढायला चिंधी स्पिरिटमध्ये भिजवून झाकणाच्या आतून फिरवली. चिंधी पिवळी झाली! दुसरी घेतली, तीही पिवळीधमक. हळद, विजू. तिचा रंग पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. एवढी कृष्णा अंगावरून गेली, पण लाकडाच्या रेषांतली हळद तिला नेता आली नाही. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन 2018 ला मिळालं, ही त्याच्या कितीतरी आधीची असणार. मी तिथंच हात थांबवला. आतली बाजू तशीच ठेवली आहे.

बाहेरून 120, मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेनं. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये 75 ग्रॅम चपडा, म्हणजे पॉलिशची लाख, रात्रभर भिजवला, कापसाची बोळी सुती कापडात गुंडाळून पातळ हात मारले, मोजून अकरा. बरं झालं थंडीत केलं. पावसाळी हवेत चपड्यावर पांढरी झाक येते. सातव्या हातानंतर लाकडाचा मूळ रंग उजळून वर आला. हिला हाक मारून बोलावलं. ती काही बोलली नाही, पदरानं कडेची धूळ पुसली फक्त.

आता सकाळी त्यावर आईची पोथी असते, संध्याकाळी धाकटीची वही. तिची मान पूर्वीसारखी वहीवर पडत नाही, उताराचा फायदा.

एक काम कर. आत उजव्या बाजूला दौतीच्या गोल खळग्याशेजारी वीतभर लांब, बोटभर रुंद खाच आहे. टाकाची म्हणावी तर टाक त्यात सैल पडतो. मामांनाही सांगता येईना. अण्णांना विचार, त्यांच्या डेस्कला अशी खाच होती का आणि तिच्यात काय ठेवायचे. ते सांगतील ते मी तिथं ठेवीन.

तुझा,
दिनू