आधी मूळ चित्रपट वाचवा, मग रिमेकला अनुदान द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका सरकारी कार्यालयाचं दोन ओळींचं पत्र मला आलं. ‘सदर रिळे जीर्ण झाल्याने वापरण्यायोग्य नाहीत, तरी आपण ती घेऊन जावीत.’ माझ्या वडिलांचा टुरिंग टॉकीजचा धंदा होता. पुसेगावच्या यात्रेपासून जोतिबाच्या डोंगरापर्यंत त्यांनी तंबू ठोकले. धंदा बुडाला तेव्हा त्यांनी प्रोजेक्टर विकला, जनरेटर विकला, पण साठच्या दशकातल्या एका मराठी चित्रपटाची प्रिंट विकली नाही. प्रत्येक रीळ हाताने फिरवून बघायचे, तुटलेले जोड नव्याने जोडायचे, मऊ कापडाने धूळ टिपायचे. ते गेल्यावर ती प्रिंट मी सरकारच्या स्वाधीन केली. साफ करू, डिजिटल करू, एक प्रत तुम्हाला देऊ, असं लेखी आश्वासन मिळालं होतं.

रिळं आणायला गेलो. डबे जिन्याखाली, ओल आलेल्या भिंतीला लागून ठेवलेले. झाकण गंजून इतकं घट्ट बसलं होतं की शिपायाने स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं. उघडताच व्हिनेगरचा उग्र वास नाकात गेला. ज्याने फिल्म हाताळली आहे त्याला हा वास म्हणजे फिल्म कुजली, हे सांगावं लागत नाही. फिल्म आक्रसली होती, कडा वळल्या होत्या, थर एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं होतं. मी तिथेच खाली बसलो. तर साहेब म्हणाले, ‘‘काका, जुनं आता कुणी बघत नाही. हाच पिक्चर नव्याने काढणारा निर्माता शोधा, अनुदान तरी मिळेल.’’

मंत्रिमहोदय, त्या वाक्याने मला जास्त लागलं.

माझा रिमेकला विरोध नाही. फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि चार वर्षांनी तीच कथा स्वतःच पुन्हा चित्रित केली. १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने तीच ‘अयोध्येचा राजा’ म्हणून बोलकी केली. तुकोबा १९३६ साली पडद्यावर आले, २०१२ साली पुन्हा आले. ‘श्यामची आई’ २०२३ मध्ये नव्याने झाली, तीही कृष्णधवल, आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काढा की! चांगली गोष्ट प्रत्येक पिढीने आपल्या तोंडाने सांगावी. पण अत्र्यांची ‘श्यामची आई’, जिला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, ती शेजारी ठेवून बघता आली तरच नव्याने काय केलं ते कळणार ना?

आमच्या कोल्हापूरचंच बघा. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराने नाडलेला शेतकरी, त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. १९३६ साली पेंटरांनी स्वतःच त्याचा बोलपट केला. म्हणजे त्याच माणसाने, त्याच कथेचा केलेला रिमेक! पण मूळ मूकपट आज अस्तित्वात नाही. आपण त्याची थोरवी जुन्या लेखांमधून वाचायची. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले म्हणतात, आणि हाताशी उरलेत जेमतेम तीसेक. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्मच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातचा केवढा ठेवा जळाला. कुणाला शिक्षा झाली? मला तरी आठवत नाही.

‘नव्या पिढीला जुनं आवडत नाही’ हे वाक्य मी ऐकून ऐकून थकलो आहे. नव्या पिढीला तुम्ही दाखवता काय? मोबाइलवर डोकी कापलेली चित्रं, मध्येच कुठल्या तरी कंपनीचा शिक्का, आणि आवाजात अशी घरघर की अर्धे संवाद कळत नाहीत. माझ्या नातीला मी ‘संत तुकाराम’ची बऱ्यापैकी स्वच्छ प्रत दाखवली. जिजाई आजारी पोराला ओढत, हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते, तिथे पोरीने हातातला फोन उलटा ठेवला. ती भूमिका करणारी गौरी प्रभातमध्ये झाडलोटीच्या कामाला लागलेली बाई होती. तो आवाज, तो ठसका कुठल्या रिमेकमध्ये आणणार आहात? २०२४ साली बेनेगलांचा ‘मंथन’ पुनर्संचयित होऊन कान महोत्सवात दाखवला गेला आणि मग आपल्याकडच्या थिएटरांत लागला. लोकांनी तिकीट काढून बघितला. ते काम एका खासगी संस्थेने पुढाकार घेऊन केलं. सरकारचे हात कुणी बांधले होते?

आपण म्हणाल, हा केंद्राचा विषय आहे. असेलही. केंद्राने चित्रपट वारसा मोहिमेसाठी जवळपास सहाशे कोटी जाहीर केले, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन केलं. राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, केंद्र महामंडळाकडे, महामंडळ निविदेकडे, आणि मी मात्र टेबलाटेबलावर पावती दाखवत फिरायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा चौकाचौकात नेत्यांच्या फोटोंसकट फलक लागले. फलकाला पैसे होते. फिल्मच्या खोलीत एक एसी आणि ओल शोषणारं यंत्र बसवायला नव्हते. पुतळा उभारला की उद्घाटन करता येतं, रीळ साफ केल्याचा नारळ कुणी फोडत नाही. म्हणून आमच्याकडे पुतळे वाढतात आणि रिळं कुजतात. हे एकट्या सिनेमाचंही नाही. गावोगावच्या जुन्या वाचनालयांतली वर्तमानपत्रं, तालमीतल्या शाहिरांची बाडं, सगळ्यांची हीच गत आहे.

माझी प्रिंट गेली, ती आता कुणी परत देऊ शकत नाही. पण रिमेकला सरकारी पैसा देणार असाल तर अट घाला, की मूळ चित्रपटाची स्वच्छ प्रत तयार करून लोकांना बघायला खुली केल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही. आणि कुठला मराठी चित्रपट कुठे, कुठल्या स्थितीत आहे, याची यादी जाहीर करा. जे नष्ट झालेत त्यांचीही नावं त्यात लिहा, लपवू नका.

या पत्राला ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविले आहे’ असं उत्तर पाठवू नका. कुणाकडे पाठवलं त्या अधिकाऱ्याचं नाव आणि कामाची मुदत कळवा.

आपला,
टुरिंग टॉकीजवाल्याचा मुलगा, कोल्हापूर