आतली कडी

चि. ऋतुजास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन अर्ध्यातच ठेवला गेला आणि तेव्हापासून आपण दोघं तिथं तुझ्याजवळ राहिलेल्या आईमार्फतच बोलतोय. "आईला घेऊन जा आप्पा, आता माझं मी बघते," असं तू एकदम म्हणालीस आणि मला काही सुचलंच नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहितोय. दादा शुक्रवारी पुण्याला येतोय, त्याच्याजवळ देतो.

परत ये, असं या पत्रात कुठंही लिहिणार नाही. तुझं कॉललेटर आलं त्या दिवशी मी डेपोत जाऊन सगळ्यांना पेढे वाटले. आत्तीच्या घरी कुणीतरी "अपंगांच्या कोट्यातली नोकरी" असं म्हणालं, तेव्हा मी तिथंच सांगितलं, की ४ टक्के जागा कायद्यानं ठेवल्यात, पण पेपर माझ्या पोरीनं सोडवलाय. आणि ज्या सेंटरवर सोडवला तिथं जिना होता, चौघा अनोळखी माणसांनी चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं, ते सोसून वर जाऊन सोडवलाय. त्यावर कुणी बोललं नाही.

तर मुद्दा एवढाच. रात्री दाराला आतली कडी लावू नकोस.

आई सांगत होती, तू लॅच लावतेस आणि वरून कडीही घालतेस. समोरच्या काकूंकडे एक किल्ली दिलीस हे ऐकून मला बरं वाटलं होतं. पण कडी घातली की त्या किल्लीचा काय उपयोग? मी आयुष्यभर लोखंडात काम केलेला माणूस आहे. तसलं दार बाहेरून उघडायचं तर चौकट उखडावी लागते. हत्यार हातात असलं तरी वेळ जातो, आणि रात्री दोन वाजता सोसायटीत हत्यार कुणाकडे असणार?

तुझी बाजू मला कळत नाही असं नाही. तळमजला आहे, एकटी मुलगी आहेस, शहर नवं आहे. कडी घातल्याशिवाय डोळा लागत नाही हे तू आईला सांगितलंस, ते तिनं मला सांगितलं. मुलीच्या बापाला ती भीती काय असते हे समजावून सांगावं लागत नाही. पण मला दुसरंही दिसत राहतं. रात्री उठून पलंगावरून खुर्चीत सरकताना मधे टाकलेली फळी निसटली, तू खाली फरशीवर, मोबाइल उशीजवळ. तू हाका मारणार, काकू ऐकणार, किल्ली घेऊन धावत येणार आणि बाहेरच उभ्या राहणार.

गच्चीवरून पडल्यावर दवाखान्यात असताना दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितली होती, आठवतं? तू लहान होतीस, औषधानं गुंगीत असायचीस, कदाचित आठवत नसेल. तुझी आई गजराचं घड्याळ उशाला घेऊन झोपायची. बारा, दोन, चार, सहा. एका रात्री शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना बघायला कुणी नव्हतं, आणि पुढं त्यांच्या कंबरेवरची जखम भरायला किती महिने लागले ते आम्ही डोळ्यांनी बघितलं. जिथं कळ लागत नाही तिथं दुखून सावध करणारं कुणी नसतं. दोन तास फार नसतात असं लोकांना वाटतं. कडक फरशीवर तुझ्यासाठी ते फार आहेत.

तुमच्या मुलींच्या ग्रुपबद्दल आईनं सांगितलं. सकाळी साडेसहाच्या आत प्रत्येकीनं काहीतरी टाकायचं, आणि एखादीचं आलं नाही तर दुसरीनं फोन करायचा, फोन उचलला नाही तर तिच्या वॉचमनला करायचा. हे तुम्हीच ठरवलंत, तुम्हीच पाळता. मी चार दिवस विचार केला असता तरी मला एवढं साधं आणि एवढं पक्कं काही सुचलं नसतं. त्यातल्या दोघी कोल्हापूरजवळच्या उचगावच्या, तुझ्याच वसतिगृहातल्या आहेत हे कळल्यावर तर फारच बरं वाटलं.

उचगावचं नाव निघालं की मला तो पहिला दिवस आठवतो. तुला तिथं ठेवायचं नाही असंच मी मनाशी ठरवून गेलो होतो. म्हटलं, आपली मुलगी आपल्या घरात, वसतिगृहात कशाला? मग नसीमादीदी स्वतःच्या खुर्चीवरून बाहेर आल्या. हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेचं काम त्या १९८४ पासून उभं करत आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी फक्त बघितलं, की ही बाई खुर्चीत आहे आणि सगळं हिच्या शब्दावर चाललंय. त्या माझ्याशी कमी आणि तुझ्याशी जास्त बोलल्या. तोवर प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल मला विचारायचा, "हिला चहा चालतो का?" असं. गाडीत परत येताना तू पहिल्यांदा आपण होऊन म्हणालीस की मला इथं राहायचंय. आई डोळ्याला पदर लावून बसली होती. मी खिडकीबाहेर बघत होतो.

म्हणजे घर सोडून जायचं हे तू आज पहिल्यांदा ठरवत नाहीस, हे मला माहीत आहे.

अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्सचं तू सांगितलं होतंस तेही विसरलेलो नाही. चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखाली हालचाल जवळजवळ उरली नाही, रात्री श्वासासाठी आयर्न लंग नावाच्या यंत्रात झोपायचं. ड्रायव्हिंगचा आणि व्यायामाचा विषय पुरा केला नाही म्हणून शाळा त्याला सर्टिफिकेट देईना, तेव्हा त्याची आई भांडली. १९६२ साली तो बर्कलीच्या विद्यापीठात गेला, ते अवजड यंत्र वसतिगृहात चालेना म्हणून विद्यापीठाच्या दवाखान्यात राहून शिकला. पुढं १९७२ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिथं स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं केलं. मदतनीस कुठं मिळेल, खुर्ची आत जाईल असं घर कुठं भाड्यानं मिळेल, खुर्ची बिघडली तर कोण दुरुस्त करेल, हे सगळं बघणारी माणसं अपंगच. त्यातली खुर्ची दुरुस्त करण्याची गोष्ट माझ्या फार मनाला लागली. बेअरिंग गेलं तर माणूस घरात अडकतो, हे ज्याला कळतं त्यानंच ते केंद्र काढलं असणार.

आपल्याकडं कायदा आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचं कलम ५ मी तुझ्या अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी खेपा घालताना वाचलं. अपंग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको, आणि त्याला लागणारी मदत, मदतनीससुद्धा, समाजातच मिळायला हवी, असं त्यात आहे. वाचून मी ती पानं झेरॉक्स करून घेतली. पण सकाळी तुला उठवायला येणाऱ्या मावशींचा पगार तूच देतेस, आणि त्या एक दिवस आल्या नाहीत तर कुणाला बोलवायचं हे तुलाच शोधावं लागतं. पुण्यात हे, तर आपल्या गावाकडं विचारायलाच नको. ग्रामपंचायतीनं अपंगांसाठीच्या ५ टक्के निधीतून उतार बांधला, तो तू ग्रामसभेत नेमका पकडलास. एक फूट उंचीला तीन फुटांचा उतार. "बारा फूट पाहिजे, यावरून खुर्ची वर जात नाही, उलटी पडते," असं तू भर सभेत म्हणालीस. सगळे गप्प. मी मागं उभा होतो. मला काय वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही, आज सांगतो. माझी छाती भरून आली होती.

मेट्रोतही तसंच झालं. संत तुकाराम नगरला लिफ्टनं वर गेलो, गाडी आली आणि माझा हात आपोआप खुर्चीच्या मुठीवर गेला. तू म्हणालीस, "हात नको लावू आप्पा." पुढची चाकं जराशी उचललीस, दाराची फट ओलांडलीस, आत जाऊन ब्रेक लावलास. शिवाजीनगरला उतरेपर्यंत मी काही बोललो नाही, तुला वाटलं असेल रागावलोय. रागावलो नव्हतो. गच्चीच्या त्या दिवसानंतर तू माझ्या पुढं एकटी चाललीस असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

आता थोडं सांगायचंय ते सांगतो. आंघोळीचं पाणी आधी हातानं बघ, पायानं नाही, गीझर लावून लगेच बसू नकोस. भात गरम असताना पातेलं मांडीवर घेऊन टेबलापर्यंत जाऊ नकोस, आईनं तुला दोनदा बघितलंय. ट्रे घे, ट्रेखाली जाड टॉवेल घे. रात्री आरशानं पाठीमागची कातडी बघायचा कंटाळा करू नकोस. आणि ऑफिसात बाथरूमला पायरी आहे म्हणून दिवसभर पाणी कमी पितेस ते बंद कर. पायरी त्यांची चूक आहे, तुझ्या किडनीनं ती का भरायची? लेखी अर्ज दे, तारीख घाल, प्रत स्वतःजवळ ठेव. उत्तर आलं नाही तर मी येतो आणि

हे बघ, झालंच सुरू. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, नव्या मुलींना तूच शिकवतेस. माफ कर. लिहिलेलं खोडत नाही, कारण खोडलं तरी तू वाचशीलच.

पण कडीचं मात्र सोडवत नाही.

मी यावर बराच विचार केला आणि माझ्या धंद्यातलं एक उत्तर निघालं, ते बघ पटतंय का. कडी काढून टाकायची. तिच्या जागी दुसरं लॅच बसवायचं, वेगळ्या किल्लीचं, आतून फिरवून लागणारं आणि बाहेरून किल्लीनं उघडणारं. म्हणजे दाराला दोन कुलपं, दोन वेगळ्या किल्ल्या. पहिली काकूंकडे आहेच. दुसरी मावशींकडे द्यायची, त्या मागच्याच चाळीत राहतात. दोघींपैकी एकटी कुणी आत येऊ शकत नाही, एखादी किल्ली हरवली किंवा कुणाच्या हाती पडली तरी दार उघडत नाही. आणि तुला काही झालं तर दोघी मिळून पाच-दहा मिनिटांत आत येतात. चोरासाठी दार कडीइतकंच घट्ट राहील, हे मी स्वतः बसवून दाखवीन.

आणखी एक, मोबाइल पलंगावर ठेवू नकोस, गळ्यात अडकवून झोप. मावसबहिणीच्या मुलाच्या बिल्ल्याला असते तसली दोरी मिळते.

काकूंना आणि मावशींना तू स्वतः विचार. मी विचारणार नाही. आई म्हणत होती की परवा काकू त्यांच्या नातवाचा फॉर्म भरून घ्यायला तुझ्याकडं आल्या होत्या आणि तासभर बसल्या. त्यांचं बँकेचं काम तू करतेस, त्या तुझं पार्सल घेऊन ठेवतात. मग किल्ली ठेवायला सांगण्यात संकोच कसला? लोकांकडून काही घ्यायला लागू नये म्हणून तू स्वतःला फार ताणतेस, लहानपणापासून. मी निवृत्त झालो तेव्हा माझा गुडघा धरला होता, तेव्हा अख्खा महिना दूध आणि भाजी शेजारचा पोरगा आणून द्यायचा, आणि कुणी मला परावलंबी म्हटलं नाही.

पुढच्या शनिवारी पहिल्या गाडीनं निघतो. लॅच इथूनच आणतो, तिथलं पत्र्याचं असतं. ड्रिल मशीन तुमच्या सोसायटीच्या प्लंबरकडे आहे का ते विचारून ठेव, नसेल तर मी घेऊन येतो. दुपारपर्यंत बसवून होईल. तू कडी ठेवायचीच म्हणालीस तर ठेवू, वाद घालणार नाही, पण एकदा नवं लॅच लावून दोन रात्री झोपून बघ आणि मग सांग. रविवारी संध्याकाळच्या गाडीनं मी आणि आई परत निघू. तिला मी सांगितलंय. आधी रडली, मग म्हणाली की पोरीला लसणीची चटणी आणि मेतकूट दोन महिन्यांचं करून ठेवते.

दर आठवड्याला यायचा माझा विचार नाही. तू बोलावलंस तर येईन.

तुझे,
आप्पा

ता. क. मागच्या चाकाची ट्यूब आणि पंप दादाजवळ दिलाय. डाव्या ब्रेकचा नट ढिला झालाय असं आई म्हणाली. दादाला दहाचा पाना दिलाय, त्याच्याकडून आधी तो आवळून घे आणि मगच त्याला चहा दे. तोवर डाव्या बाजूनं पलंगावर सरकू नकोस.